बांधापासून लांब असलेल्या शेताने बाहेरकाठ्याची वर्गणी का द्यावी?

प्रश्न विचारणारे खारेपाटातले आहेत, अलिबाग आणि पेणच्या मधल्या पट्ट्यातले, नोकरीला ठाण्यात. गावकीने बाहेरकाठ्याच्या, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाच्या, दुरुस्तीसाठी गुंठ्याला १०० रुपये आणि घरटी ४ दिवस काम, नाहीतर दिवसाचे ५०० रुपये, असं ठरवलं आहे. यांची जमीन ६० गुंठे. म्हणजे ६,००० आणि वर २,००० असे ८,००० रुपये झाले. यांचं म्हणणं असं: आमचं शेत बांधापासून लांब, गावाच्या अंगाला आहे. तीन वर्षं आम्ही ते लावलेलंही नाही. बांधालगत ज्यांची शेतं आहेत त्यांनी खर्च करावा, नाहीतर सरकारने करावा. शेवटी त्यांनी विचारलं आहे, "जो तो आपलं हित पाहतो त्यातूनच सगळ्यांचं भलं होतं, असं अर्थशास्त्रात शिकलो. मग मी माझं हित पाहिलं की गावाच्या नजरेत स्वार्थी कसा ठरतो?"

मी खारेपाटातलाच शेतकरी. २६ वर्षं गावच्या सहकारी संस्थेचा सचिव होतो, आणि त्यातली शेवटची १९ वर्षं काठ्याच्या दुरुस्तीचा हिशेबही माझ्याकडेच होता. तुमचा प्रश्न दर दोन वर्षांनी बैठकीत कुणीतरी विचारायचंच, आणि आम्ही जुनी माणसं विचारणाऱ्याला गप्प बसवायचो. ते चुकत होतं. प्रश्न खरा आहे, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर देतो.

आधी पाण्याचं बघू. वर्गणीचे निम्मे वाद पाणी न समजल्यामुळे होतात.

शेत बांधापासून लांब आहे हे तुम्ही पायाने मोजलंत. खारं पाणी अंतर बघत नाही, पातळी शोधतं. आपला खारेपाट म्हणजे खाडीकडून काढून घेतलेली जमीन. काठा घालण्याआधी तिच्यातून खाडीचे फाटे वाहत होते. ते बुजले, त्यांच्यावर आवणं म्हणजे भाताची खाचरं झाली, सातबारे झाले, पण त्यांची खोली जमिनीत अजून आहे. पावसात कुठल्या आवणात पाणी जास्त दिवस साचून राहतं ते बघा, जुना फाटा तिथूनच गेलेला असतो.

एका भाद्रपदात, अमावास्येनंतरच्या दुसऱ्या रात्री, आमच्या काठ्याला दहा-बारा हातांची खांड पडली, म्हणजे काठा तेवढा फुटला. मी आणि माझा चुलत भाऊ बॅटऱ्या घेऊन धावलो. खांडीला अगदी लागून एक शेत होतं, जरासं उंचावर. त्याच्या मेरेवर, म्हणजे शेताच्या छोट्या बांधावर, उभा राहून मी खाली बॅटरी मारली तर आत पावसाचं गोडं पाणी जसंच्या तसं. खाडीचं पाणी त्याच्या बगलेतून, जुन्या फाट्याच्या वाटेने, जराही आवाज न करता आत चाललं होतं. उजाडल्यावर कळलं की सगळ्यांत जास्त पाणी देवळामागच्या आवणात भरलंय, काठ्यापासून पाऊण किलोमीटरवर. त्या आवणाच्या मालकाने आदल्या वर्षी वर्गणीच्या वेळी तुमचंच वाक्य म्हटलं होतं. त्याने शेतात उतरून ओंजळभर पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकला. मग मेरेवर बसून राहिला. पोटरीला आलेलं भात होतं. त्याला त्या दिवशी कुणी काही बोललं नाही.

खारं पाणी एकदा आत आलं की तेवढ्या हंगामावर भागत नाही. आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी जमिनीतलं मीठ धुऊन जायला दोन-तीन पावसाळे लागतात. जमिनीची क्षारता मोजतात त्या एककात, म्हणजे डेसिसायमन प्रति मीटरमध्ये, ३ च्या पुढे आकडा गेला की भाताचा उतारा घटायला लागतो. समुद्राच्या पाण्याचा आकडा ५० च्या आसपास असतो. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही भाताची वाणं काढली, ती आम्ही लावतो आणि ती चांगली आहेत. पण ती जमिनीत मुरलेलं मीठ काही प्रमाणात सोसतात. खांडीतून आलेलं उधाण कुठलंही वाण सोसत नाही.

दुसरी गोष्ट काठ्याच्या स्वभावाची. देवळाच्या जीर्णोद्धाराला दहा घरांनी पैसे दिले नाहीत तर कळस थोडा लहान होतो, देऊळ उभं राहतं. काठ्याचं तसं नाही. दोन किलोमीटरांपैकी पंधरा हात कच्चे राहिले तर बाकीच्या दोन किलोमीटरांवर केलेला खर्च पाण्यात जातो. आणि कच्चेपणा दिसतोही उशिरा. चिंबोऱ्या काठ्यात बिळं करतात. भरतीचं पाणी बाहेरून निम्म्यावर चढलं की आतल्या अंगाला आधी ओलसर डाग येतो, मग करंगळीएवढी धार सुटते. धारेचं पाणी स्वच्छ आहे तोवर तुमच्या हातात वेळ आहे. ते गढूळ झालं की समजायचं, काठ्याची माती पाण्याबरोबर बाहेर पडतेय, काठा आतून पोकळ होतोय. मग पुढच्या भरतीची वाट बघण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही. ओला डाग दिसला तेव्हा एक माणूस आणि चार पाट्या चिखल पुरतो. खांड पडल्यावर पन्नास माणसं भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, चार दिवसांत राबूनही ती सांधेलच याची खात्री नसते. म्हणून वर्गणीतले तुमचे पैसे मुख्यतः खांड बुजवायला जात नाहीत. पावसाळ्याचे चार महिने दर उधाणाला काठ्यावरून फिरणाऱ्या दोन माणसांच्या मजुरीला आणि शिमग्यानंतर होणाऱ्या मातीकामाला ते जातात. तुमच्या गावातही असंच होतंय की नाही हे मात्र विचारा. विचारायचा तुम्हाला पुरता हक्क आहे.

आता तुमच्या अर्थशास्त्राकडे येतो. मी बी.कॉम., पण सचिव झाल्यावर पुष्कळ वाचलं, कारण बैठकीत उत्तरं द्यावी लागायची. ॲडम स्मिथने १७७६ साली लिहिलं की खाटीक किंवा पाववाला आपल्याला जेवण देतो ते दयेपोटी नव्हे, स्वतःच्या फायद्यासाठी. हे अगदी खरं आहे. अलिबागच्या बाजारात पांढरा कांदा विकणारी बाई तुमच्यावर उपकार करत नाही आणि तुम्ही तिच्यावर करत नाही, तरी दोघांचं भागतं. पण तिथे एक सोय असते. ज्याने पैसे दिले नाहीत त्याला कांद्याची माळ मिळत नाही. काठ्याला ही सोय नाही. भरती अडवताना "हा सर्व्हे नंबर सोडून बाकीच्यांना वाचव" असं काठ्याला सांगता येत नाही. तुम्ही काही दिलं नाहीत तरी बाकीच्यांच्या पैशांवर तुमचं शेत वाचतं. मग शहाणपणा न देण्यातच आहे, असं वाटणं साहजिक आहे. तुमचा शेजारीही शहाणाच असतो, तोही तसाच विचार करतो, आणि तिसऱ्या वर्षी उधाण सगळ्यांच्या शहाणपणावरून आत येतं.

गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६८ साली सामायिक कुरणाचं उदाहरण घेऊन हेच मांडलं आणि निष्कर्ष काढला की अशा गोष्टी एकतर खाजगी कराव्यात किंवा सरकारच्या ताब्यात द्याव्यात, नाहीतर त्या नष्ट होणारच. त्याला उत्तर एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दिलं. २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या त्या पहिल्या महिला. गावागावांत जाऊन त्यांनी दाखवलं की कुरणं, जंगलं, पाट शेकडो वर्षं सामायिक राहून टिकलेले आहेत, आणि लोक ते कुणाच्या दंडुक्याशिवाय, स्वतः नियम करून टिकवतात. त्यांच्या कामातली नेपाळची गोष्ट मला फार जवळची वाटते. तिथे शेतकऱ्यांनी स्वतः बांधलेले दगडमातीचे कच्चे बंधारे दरवर्षी पुरात वाहून जात. ते पुन्हा उभे करायला वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांना खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांचे हात लागत, म्हणून ते त्यांच्यासाठी पाणी सोडत. पुढे काही ठिकाणी पक्के काँक्रीटचे बंधारे आले. मग वरच्यांना खालच्यांची गरज उरली नाही आणि खालच्यांचं पाणी कमी झालं. बंधारा मजबूत झाला आणि देणंघेणं तुटलं. माझ्या मते तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी हेच आहे. तुम्ही ठाण्याला गेलात, शेत पडीक टाकलंत, त्यामुळे गावाला तुमच्या हातांची आणि तुम्हाला गावाच्या हातांची गरज आहे हे दोघांनाही दिसेनासं झालं. गरज मात्र तशीच आहे, कारण काठा मातीचाच आहे.

स्वार्थाचं म्हणाल तर तुमचं हित बघण्यात काही वाईट नाही. स्वतःचं हित बघूनच लोक काठ्यावर चिखल टाकत आले. फक्त ते हित शेजाऱ्याच्या हातांतून फिरून आपल्याकडे येतं. मधला हात सुटला की ते येणं थांबतं.

आता न्यायाचं. इथे गाव तुम्हाला सांगतं तेवढं सरळ नाही, आणि इथे मी तुमच्या बाजूने बोलणार आहे.

आपल्याकडे काठ्याच्या सामुदायिक कामाला जोळ म्हणतात, हे तुम्ही आजोबांकडून ऐकलं असेल. जोळ होती तेव्हा किती एकी होती, असं म्हातारे सांगतात. एकी होती हे खरं. पण त्याच हातांनी, त्याच खोऱ्याने, त्याच चिखलात वेठही केली जायची. कूळ काठा बांधायचं, शेत पिकवायचं, आणि भात खोताच्या कोठारात जायचं. आपल्या चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ ला नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांचा संप सुरू झाला आणि १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं त्या लोकांनी पिकती जमीन पडीक ठेवली, जंगलातली लाकडं विकून पोट भरलं, पण वाटा न्याय्य झाल्याशिवाय नांगर धरला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती प्रत्यक्ष गेली ती १९४९ च्या कायद्याने. त्यामुळे "आपल्याकडे सगळे निमूट काम करायचे" असं कुणी तुम्हाला सुनावलं तर मान खाली घालू नका. आपल्या माणसांनी काम नाकारूनही न्याय मिळवला आहे. वेठ आणि जोळ यांत फरक एवढाच की जोळीत काम करणाऱ्याला हिशेब दिसतो आणि तो बदलायचा अधिकार त्याला असतो.

आणि जोळीचाही हिशेब नेहमी सरळ होता असं नाही. माझ्याकडे आलेल्या जुन्या वह्यांत घराच्या नावापुढे उभ्या रेघा मारलेल्या आहेत, एका दिवसाची एक रेघ. काही रेघा अर्ध्याच आहेत. पहिल्यांदा मला वाटलं, अर्धा दिवस काम. मग एका वहीत आमच्या घराची ओळ सापडली. त्या वर्षी वडील आजारी होते आणि काठ्यावर आई गेली होती. सहा दिवस. सहाही रेघा अर्ध्या. बाईमाणसाची हजेरी अर्धी धरायचे. उरलेले तीन दिवस भरायला आईला पुन्हा जावं लागलं होतं. डोक्यावर पाटी तेवढीच, ओल्या चिखलाची, मानेवरून पाणी ओघळणारी. मी आईला विचारलं तर म्हणाली, "तवा कोन इचारतंय?" मी हिशेब हातात घेतला त्या वर्षी पहिला ठराव हा मांडला की हजेरी माणसाची धरायची, बाई-पुरुष बघायचं नाही. विरोध झाला. दोन बैठका लागल्या. पण त्यानंतर काठ्यावर येणारी माणसं वाढली, कारण ज्या घरांतले पुरुष मुंबईला होते त्या घरांचे दिवस पहिल्यांदाच पुरे मोजले गेले. माणसं कामाला कंटाळून मागे हटतात असं आपल्याला वाटतं. माझा अनुभव असा की चुकीच्या मोजणीला कंटाळून हटलेली माणसं जास्त असतात.

तुमच्या गावच्या दराबद्दल माझी तीच हरकत आहे. घरटी चार दिवस हा नियम ऐकायला समान आहे, पण तीन एकरवाल्याला चार दिवस आणि दहा गुंठेवाल्या विधवेलाही चारच दिवस, ही समानता मला पटत नाही. आणि सगळ्या शेतांना गुंठ्याला सरसकट १०० रुपये, यात खोल शेत आणि उंच शेत एकाच मापाने मोजलं गेलं.

सरकारबद्दल थोडक्यात सांगतो. काठा सरकारने बांधावा ही मागणी रास्त आहे. १९४८ साली मुंबई इलाख्याचा खारजमिनींचा कायदा आला, १९७९ साली महाराष्ट्राचा खारजमीन विकास अधिनियम आला, आणि मोठ्या योजनांचं काम शासनाकडे गेलं. मोठं मातीकाम, दगडी पिचिंग, उघाडीचं, म्हणजे काठ्यातून पाणी बाहेर सोडणाऱ्या मोरीचं, पक्कं बांधकाम हे गावाच्या ताकदीबाहेरचं आहे आणि ते शासनानेच करायला हवं. पण शासन आलं तशी आमची जोळ सुटली. काठा "त्यांचा" झाला. ओला डाग दिसला तरी माणूस बघून पुढे जायला लागला, कारण अर्ज द्यायला हवा, अर्जावर पाहणी व्हायला हवी, पाहणीनंतर अंदाजपत्रक. भरती सहा तासांत येते. त्यामुळे आम्ही काम दोन भागांत तोडलं. मोठं काम अर्जाने, पाठपुराव्याने, न कंटाळता शासनाकडून. रोजची राखण आणि चार पाट्यांची दुरुस्ती गावाने. खाडीत आता मोठे बार्ज येतात. त्यांची लाट काठ्याच्या पायथ्याला बसते आणि दर खेपेला थोडी माती घेऊन जाते. त्यांनीही या खर्चात वाटा उचलला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. सगळी सामायिक जबाबदारी भातवाल्यांच्याच खांद्यावर टाकायची आणि खाडी वापरून नफा मिळवणाऱ्याला मोकळं सोडायचं, याला मी न्याय म्हणत नाही. पण त्यांच्याकडून वाटा मिळेपर्यंत आपण काठा सोडून देऊ शकत नाही, एवढंच.

"आम्ही शेत लावतच नाही" या मुद्द्यावर मी तुमच्याशी सहमत नाही, आणि इथे जरा कडक बोलतो. पडीक शेतात मीठ आलं तर काय बिघडलं, असं तुम्हाला वाटत असेल. भरतीचं पाणी नियमित येऊ लागलं की काही वर्षांत तिवरांची, म्हणजे कांदळवनाची, रोपं उभी राहतात. कांदळवन तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली बंदी घातली आणि २०१८ च्या निकालाने ती पक्की केली. ती योग्यच आहे. कांदळवन किनारा राखतं, काठ्याच्या बाहेरच्या अंगाला ते असेल तर लाटेचा मार कमी होतो, आम्ही स्वतः ते जपतो. पण ते तुमच्या शेतात उगवलं की सातबारा तुमच्या नावावर राहील आणि शेत परत मिळणार नाही. शिवाय खांड पडते त्या वर्षी दलालांची ये-जा वाढते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चहाच्या टपरीवर बसून ते "आता यात काय पिकणार" असं हळूच बोलून जातात. भाव पडलेला असतो आणि घरात हंगाम बुडालेला असतो. शहरात राहणारा मालक आधी विकतो. तुमचा विचार विकण्याचा असेल तर तो तुमचा हक्क आहे, पण चांगला काठा असलेल्या गावची जमीन विका. तो काठा ८,००० रुपयांपेक्षा खूप मोलाचा आहे.

पडीक शेताचा शेजाऱ्यालाही त्रास होतो. तुमच्या मेरा कुणी बघत नाही, त्यांत उंदीर होतात, पाण्याचा चर बुजतो, आणि वरच्या आवणाचं पाणी उघाडीपर्यंत पोचत नाही. लावत नसाल तर कुणाला तरी लावायला द्या. कूळ लागेल ही भीती असते. रीतसर लेखी करार करून द्या, पण मोकळं टाकू नका.

उघाडीचा विषय निघाला म्हणून सांगतो, कारण तुमच्या गावच्या पैशांच्या प्रश्नाचा एक भाग तिथे सुटू शकतो. उघाडी म्हणजे काठ्यातली ती दगडी मोरी, तिच्या तोंडाला लाकडी झडप. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडते. त्या तोंडाशी जाळं लावलं की मासळी भरपूर मिळते, कोळंबी, बोय, कधी जिताडा. आमच्या गावात हा हक्क दरवर्षी लिलावाने देतात आणि पैसे काठ्याच्या खात्यात जमा होतात. गोव्यात खाजन जमिनींवर हीच पद्धत फार जुनी आहे. तिथे उघाडीला मानस म्हणतात, गावकारी, म्हणजे गावची सामायिक संस्था, मानशीचा लिलाव करायची आणि बांध राखायची. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे गेली. पुढे पुष्कळ ठिकाणी लिलावाचा पैसा महत्त्वाचा झाला, बांधाकडे दुर्लक्ष झालं, आणि जास्त मासळीसाठी झडपा गरजेपेक्षा जास्त वेळ उघड्या राहू लागल्या.

आमच्याकडेही एकदा हे घडलं. लिलाव घेतलेल्याने झडपेच्या फटीत लाकडाचा ओंडका अडकवून ठेवला, भरतीबरोबर मासळी आत यावी म्हणून. सकाळी चरातलं पाणी खारट लागलं. माणूस गावचाच, आमच्याच आळीतला, मुलीच्या लग्नाचं कर्ज डोक्यावर. काही जण म्हणाले, लिलाव रद्द करा, काही जण म्हणाले, जाऊ दे. आम्ही त्याला सगळ्यांसमोर विचारलं आणि त्याने कबूल केलं. पहिली चूक म्हणून नुसती समज दिली, वहीत नोंद केली, आणि ठरवलं की पुन्हा झालं तर अनामतीतून कापायचं, तिसऱ्यांदा झालं तर तीन वर्षं लिलावात बसायचं नाही. दुसऱ्यांदा झालं नाही. पुढे ऑस्ट्रॉमबाईंबद्दल वाचताना दिसलं की टिकलेल्या सामायिक व्यवस्थांमध्ये शिक्षा अशीच पायरीपायरीने चढते. आम्ही ते वाचून केलं नव्हतं. उद्या त्याच माणसाबरोबर त्याच काठ्यावर उभं राहायचं आहे, हे डोक्यात होतं म्हणून केलं.

आता तुमच्या ८,००० रुपयांचं. गावच्या बैठकीला जा, फोनवर निरोप पाठवू नका. पैसे द्यायला तयार आहे हे आधी सांगा, नाहीतर पुढचं कुणी ऐकणार नाही. मग दोन गोष्टी मागा. गेल्या पाच वर्षांच्या जमाखर्चाची वही सगळ्यांसमोर वाचावी. आणि वर्गणी शेताच्या पातळीप्रमाणे ठरवावी.

पातळीची पद्धत आमच्याकडे अशी आहे. गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी घ्यायची, उघाडीच्या दगडावर मोठ्या उधाणाच्या पाण्याची खूण असते तिथून सुरुवात करायची आणि मेरेमेरेने पातळी पुढे नेत जायचं. दोन दिवसांत गाव होतं. शेतांचे तीन भाग पाडायचे, खोल, मधलं, उंच. खोल गुंठ्याला तीन वाटे, मधल्याला दोन, उंचाला एक. समजा गावची २,००० गुंठे जमीन आहे आणि खर्च २ लाख. त्यात ६०० गुंठे खोल, ८०० मधली, ६०० उंच. वाटे झाले १,८००, १,६०० आणि ६००, एकूण ४,०००. एका वाट्याला ५० रुपये आले. म्हणजे उंच शेताला गुंठ्याला ५०, मधल्याला १००, खोलाला १५०. तुमचे ६० गुंठे उंच निघाले तर ६,००० चे ३,००० होतील. कामाचे दिवसही घरटी न धरता वाट्यांवर लावा, आणि ज्या घरात काम करणारं कुणीच नाही त्याला सूट बैठकीतच ठरवा.

मात्र तुम्ही शेत गावाच्या अंगाला आहे असं लिहिलंत, उंचावर आहे असं लिहिलेलं नाही. देवळामागचं आवणही गावाच्याच अंगाला होतं. नळी लावल्यावर तुमचं शेत जुन्या फाट्यात निघालं तर ६,००० चे ९,००० होतील, आणि मागणी तुम्हीच केलेली असल्यामुळे ते मुकाट भरावे लागतील. तेवढी तयारी करून बैठकीला जा. जाण्याआधी भांगाचे दिवस बघून, म्हणजे अष्टमीच्या आसपास, ओहोटीला एकदा काठ्यावरून पूर्ण चालून या. तासाभराचं काम आहे. आतल्या अंगाला कुठे ओलसर दिसलं तर तिथे काठी रोवून ठेवा आणि राखणदाराला सांगा.